बत्तीसचं रिव्हॉल्व्हर: काडतुसं घरी भरावीत की मिळतील तीच नीट तपासावीत?

खाडीवारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

बाबांचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर चढून दीड वर्ष झालं. बत्तीसचं आहे, जुनं विलायती, चार इंची नळी, सहा घरांचं सिलिंडर, म्हणजे एका वेळी सहा काडतुसं बसतात. बाबांचं गिरगावात दागिने घडवायचं दुकान होतं. माल घेऊन झवेरी बाजारात रोजची जा-ये, त्यामुळे त्यांना परवाना मिळाला होता. त्यांनी ते कधी कुणावर रोखल्याचं मला आठवत नाही. दसऱ्याला पाटावर पूजेला असायचं आणि वर्षातून एकदोनदा ते रेंजवर जाऊन यायचे. मी मात्र गेलं वर्षभर नियमाने जातोय. पंचवीस मीटरवर, बहुतेक वेळा वाळूच्या पिशवीवर हात टेकवून.

अडचण अशी की सहातल्या पाच गोळ्या बऱ्यापैकी एकत्र लागतात आणि एखादी भलतीकडे, डावीकडे लांब जाते. दरवेळी नाही, पण इतक्यांदा की आता मनात घर करून बसलंय. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या दोन वेगळ्या खेपांची, काडतुसं आहेत. आधी वाटलं लॉट खराब असेल. मग दुसऱ्यानेही तेच झालं. मग वाटलं माझाच हात.

अमेरिकेतली मंडळी घरच्या बाकावर बसून स्वतःची काडतुसं भरतात, दारू तोलून घालतात, आपल्या हत्याराला कुठलं मिश्रण मानवतं ते शोधून काढतात, असे बरेच व्हिडिओ पाहिले. मी काट्यावर गुंजेचा हिशेब बघत वाढलेला माणूस. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, अर्ध्या गुंजेहून जरा जास्त, हे कळलं तेव्हा हात शिवशिवले. हे काम मला जमेल असं आतून वाटलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे आपल्याकडे करता येतं का? आणि येत नसेल तर बाजारात मिळणारी काडतुसं, मोजकीच मिळतात हे धरून, प्रामाणिकपणे तपासायची कशी?

---

कोकणकडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही. घरी भरायचं मनातून काढून टाका.

शस्त्र कायदा १९५९, कलम ५. शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणं, विकणं, दुरुस्त करणं, इतकंच काय तर तपासून प्रमाणित करणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. आपल्या हातात असतो तो बाळगण्याचा परवाना. त्यात 'तयार करणे' बसत नाही. आणि कलम २५ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर विनापरवाना उत्पादनाला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साठवून ठेवणं, दारू मिळवणं, साचे आणणं, या वाटेवर प्रत्येक पायरीला कायदा आडवा येतो.

वाईट वाटून घेऊ नका. तुमची अडचण बहुधा दारूच्या वजनात नसेलच.

---

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ: 'रिकाम्या पुंगळ्या परत भरून देणारा ओळखीचा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा' अशा आशयाचा प्रतिसाद उडवला आहे. असे प्रतिसाद इथे राहणार नाहीत, आणि पुन्हा आल्यास सदस्यत्व जाईल. शस्त्राचे क्रमांक, परवान्याचे फोटो, घराचा पत्ता यांपैकी काहीही धाग्यावर टाकू नये. बाकी चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या.

---

ओहायोकर

खाडीवारा, मी मूळ दादरचा, गेली एकोणीस वर्षं ओहायोत. इथे हे कायदेशीर आहे आणि मी .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम दोन्ही भरतो. भरण्याचे आकडे इथे देणार नाही. ते कुणी कुणाला धाग्यावर देऊही नयेत. ते छापील पुस्तकातून, त्याच दारूच्या आणि त्याच गोळीच्या नावापुढे बघून घ्यायचे असतात. पण काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे व्हिडिओत जे सोपं दिसतं त्यामागचं थोडं कळेल.

काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, दारू आणि गोळी. यातलं पितळ तेवढं पुन्हा वापरता येतं. वापरलेली पुंगळी धुवायची, फुगलेली असते ती साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, तोंड किंचित उमलवायचं, दारू घालायची, गोळी बसवायची, तोंड पुन्हा आवळायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये हे शेवटचं आवळणं फार महत्त्वाचं. एक गोळी उडते तेव्हा बाकीच्या पाचांना हिसका बसतो. आवळ ढिला असेल तर हिसक्याने गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडातून डोकावते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. टोपी बुडाच्या वर केसभर जरी राहिली तरी ती मागच्या पोलादाला घासते आणि तसंच अडतं.

धोका खरा तर कमी दारूचा आणि दुप्पट दारूचा. .३८ ची पुंगळी मुळात जुन्या काळ्या दारूच्या मापाची, म्हणजे आजच्या दारूला घर मोठं. दुप्पट पडली तरी आत मावते, बाहेरून कळत नाही. म्हणून मी पन्नास पुंगळ्या लाकडी खोक्यात उभ्या करतो आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकावतो. बाकावर एका वेळी एकाच दारूचा डबा. फोन दुसऱ्या खोलीत.

एकदा तरीही चुकलो. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. रेंजवर पाचवी गोळी उडाली तेव्हा 'ठप्प' एवढाच आवाज झाला, हाताला हिसका जवळजवळ नाहीच. शेजारचा म्हातारा ओरडला, थांब. मी घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा मागचा दांडा, पुन्हा ओढण्याच्या बेतात होतो. त्या पुंगळीत दारूच गेली नव्हती, नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकून बसली होती. तिच्यामागे दुसरी उडवली असती तर नळी फुगली किंवा फुटली असती. त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या, दोनशेच्या आसपास, घरी येऊन गोळी उपटायच्या खास हातोड्याने एकेक मोडल्या. आजही आवाज जरा वेगळा आला की मी हत्यार खाली ठेवतो.

तेव्हा तुम्हाला फॅक्टरीत भरलेलं काडतूस मिळतंय, यात नुकसान मानू नका. आणि आवाजाचा हा नियम फॅक्टरीच्या काडतुसालाही लागू आहे.

---

खाडीवारा

ओहायोकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हातोड्याचा भाग वाचून बाबांची आठवण आली. घडणीत एक डाग चुकला तर ते अख्खी माळ उकलायचे.

कोकणकडा, धन्यवाद. पहिला प्रश्न माझ्यापुरता संपला.

---

पंचवीसमीटर

मी वरळीच्या रेंजवर बरीच वर्षं मुलांना पिस्तूल शिकवते. दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तो मला फार जवळचा आहे.

सगळ्यात आधी, तुमचं काडतूस कोणतं ते नक्की माहीत आहे ना? परवान्यावर आणि बोलण्यात सगळं 'बत्तीस बोअर' असतं. पण रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं, कडा असलेलं. आपल्याकडच्या अशनी पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं, आखूड, वेगळंच. दोन्हींना लोक बत्तीस म्हणतात. दुकानात डबी हातात घेऊन वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

.३२ लाँग हे हलकं काडतूस आहे. अमेरिकन मानकात त्याचा कमाल दाब १५,००० पीएसआय, .३५७ मॅग्नमचा ३५,०००. पण हलकं म्हणजे दुय्यम नव्हे. पंचवीस मीटर सेंटर फायर या प्रकारात जगभरचे नेमबाज हेच काडतूस पसंत करतात, फक्त गोळी चपट्या तोंडाची. ती कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. तुमची गोल तोंडाची असणार, ती कागद फाडत जाते, त्यामुळे मोजताना जरा त्रास होईल. जसपाल राणांनी २००६ साली दोह्याच्या एशियाडमध्ये याच प्रकारात ५९० गुण करून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. ६० गोळ्या, त्यातल्या ३० सावकाश आणि ३० झटपट, ठरलेल्या वेळात. सावकाश भागात दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या हातातल्या चहाच्या काचेच्या ग्लासाच्या बुडाएवढं. तेव्हा हे काडतूस काय करू शकतं याबद्दल मनात शंका ठेवू नका.

आता तपासणी. पिस्तूल असतं तर मी म्हटलं असतं, हा लॉट पाच, तो लॉट पाच, घ्या मोजून. रिव्हॉल्व्हरला ते चालत नाही. तुमच्या हातात एक नळी आहे पण सहा घरं आहेत. प्रत्येक घराचं तोंड केसभर वेगळं, प्रत्येक घर नळीसमोर येऊन थांबतं ते केसभर वेगळं. सहाही भरून एका कागदावर मारल्या की सहा वेगळ्या हत्यारांचा निकाल एकमेकांत मिसळतो, आणि आपण दोष काडतुसाला देतो.

म्हणून असं करा. सहा कागद लावा, एक ते सहा आकडे घाला. सिलिंडरवर एक घर 'पहिलं' ठरवा. एका वेळी एकच काडतूस, त्याच घरात. पाच गोळ्या पहिल्या घराच्या, सगळ्या पहिल्या कागदावर. मग दुसऱ्या घराच्या दुसऱ्यावर. एकच लॉट, एकच बैठक, वाळूच्या पिशवीवर हात एकाच जागी. तीस गोळ्या जातील. कुठली गोळी 'माझ्या हातून हलली' म्हणून सोडून द्यायची नाही. हलली असं वाटलं तर कागद बघण्याआधी वहीत लिहायचं. नंतर लिहिलेलं मी धरत नाही, माझ्या मुलांचंही नाही.

---

दुर्बीण

+१. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, हत्यार कधी हातात धरलेलं नाही, तरी एक भर घालतो.

पाच गोळ्यांचा ग्रुप मोजताना लोक सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर घेतात. या मापात पाचातल्या तीन भोकांना काही मतच नसतं. तेच काडतूस, तोच हात, तेच हत्यार असूनही एक ग्रुप ४५ मिलिमीटरचा आणि पुढचा ७५ चा येणं अगदी साधी गोष्ट आहे. तेव्हा पहिला ग्रुप छान आला म्हणून लॉट चांगला, असं म्हणू नका. प्रत्येक भोकाचं सगळ्यांच्या मध्यबिंदूपासूनचं अंतर मोजा आणि त्यांची सरासरी काढा. तेवढ्याच गोळ्यांतून जास्त खात्रीची माहिती हाती लागते. शिवाय मध्यबिंदू कुठे आला ते आपोआप कळतं, आणि तुमच्या बाबतीत मला वाटतं खरी गंमत तिथेच असेल.

---

सातरस्ता

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मनातलं लिहितो. दुकान बंद झालं, जोखमीचा माल नाही, मग हे घरात ठेवायचंच कशाला? घरात लहान मुलं असतील तर?

---

खाडीवारा

सातरस्ता, प्रश्न रास्त आहे आणि घरातही यावर बोलणं झालंय. मुलगी आठ वर्षांची आहे. रिव्हॉल्व्हर भिंतीत बसवलेल्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या खोलीतल्या वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतो. मी नेमबाजीसाठी ठेवलंय. ज्या दिवशी रेंजवर जाणं थांबेल त्या दिवशी रीतसर जमा करीन, असं बायकोला कबूल केलंय.

ताई, तुम्ही सांगितलं तसं शनिवारी करतो.

---

खाडीवारा

शनिवारी जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

सकाळी सातलाच पोचलो. भिंतीपलीकडून समुद्राचा वारा, हवा इतकी दमट की चष्मा दोनदा पुसावा लागला. सिलिंडर उघडलं आणि पहिलं घर कोणतं ठरवावं ते बघत होतो, तर एका घराच्या कडेला, मागच्या बाजूला, लाल रंगाचं एक बारीक टिंब आधीपासूनच होतं. मोहरीएवढं. इतके दिवस मला तो काहीतरी डाग वाटत होता. म्हटलं सोयीचं आहे, हेच एक नंबर.

तीस गोळ्यांना पावणेदोन तास लागले. एक काडतूस घालायचं, सिलिंडर असं बसवायचं की घोडा ओढल्यावर तेच घर नळीसमोर येईल, श्वास सोडायचा, घोडा अंगठ्याने हळू मागे घ्यायचा, मारायचं, उघडायचं, गरम पुंगळी काढून खोक्यात उभी करायची, वहीत खूण. पुंगळ्यांच्या सहा रांगा, प्रत्येकी पाच. माझ्या पाठीमागे कुणी थांबलं नाही, कुणी घाई केली नाही, रेंजवरच्या सगळ्यांचे आभार.

सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधली अंतरं, मध्यापासून मध्यापर्यंत: दुसरं घर ५८ मिलिमीटर, तिसरं ७१, चौथं ६४, पाचवं ४९, सहावं ६७.

पहिलं घर ११२. आणि त्याचा मध्यबिंदू बाकीच्या पाचांच्या मध्यापासून डावीकडे ८५ मिलिमीटर.

कागद काढून आणले आणि खिडकीपाशी एकावर एक धरून उजेडात पाहिले. पाच कागदांची भोकं जवळजवळ एकमेकांवर बसत होती. पहिल्याची बाजूला, एकटी. वर्षभर जी गोळी मी कधी लॉटच्या, कधी माझ्या हाताच्या नावावर मांडत होतो, ती एकाच घरातून येत होती.

---

दुर्बीण

४९ आणि ७१ मध्ये फरक मानू नका, पाच गोळ्यांत तेवढं हेलकावतंच. पण ८५ मिलिमीटर सरकलेला मध्य हा योगायोग नव्हे. हे घर खरंच वेगळं आहे.

---

पंचवीसमीटर

शाबास. इतकी शिस्त माझ्या मुलांकडून काढून घ्यायला मला वर्ष लागतं.

आता हे घरी करून बघा. आधी हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत, नळी भिंतीकडे. डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलका अडसर द्या आणि घोडा अतिशय हळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकला की सिलिंडर खालच्या खटक्यात 'टक' करून बसलेलं असायला हवं. प्रत्येक घराला करून बघा. एखाद्या घराला घोडा अडकतो पण सिलिंडर जरा मागेच राहतं का?

आणि एक विचारते. मारताना हाताच्या बाजूला बारीक काही टोचल्यासारखं झालं का? शेजारी उभं असलेल्या कुणाला?

---

खाडीवारा

ताई, रात्री करून बघितलं. पाच घरांना 'टक' होतो. टिंबाच्या घराला होत नाही. घोडा अडकतो, सिलिंडर केसभर अलीकडेच थांबतं, अंगठ्याने ढकललं की मग बसतं.

टोचण्याबद्दल म्हणाल तर, हो. मागच्या महिन्यात शेजारच्या लेनवरच्या काकांनी गालाला हात लावून विचारलं होतं की काय उडालं. मला तेव्हा वाटलं पुठ्ठ्याचा कण असेल.

---

पंचवीसमीटर

तो कण शिशाचा होता. घर नळीच्या बरोबर समोर नसेल तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेवर आपटून आत शिरते, एका अंगाने तासली जाते, आणि तासलेलं शिसं सिलिंडर आणि नळीच्या फटीतून बाजूला उडतं. तासलेली गोळी तोल गेलेली असते, ती सरळ जाणार कशी? सिलिंडरच्या मागे दातेरी चकती असते, तिच्या दाताला पंजा धरून घर फिरवतो. त्या एका घराचा दात झिजला असणार. तुम्ही घोडा अंगठ्याने हळू ओढता, म्हणून सिलिंडर वाटेत थांबतं. भराभर ट्रिगर दाबून मारणाऱ्याचं सिलिंडर स्वतःच्या झोकाने पुढे जाऊन बसतं, त्याला हे कळतच नाही.

यापुढे त्या घरात काडतूस घालू नका. परवाना असलेल्या कारागिराकडे न्या. तो नळीतून मापाचा रॉड सरकवून प्रत्येक घर सरळ येतं का ते बघेल. स्वतः कानस हातात घेऊ नका. दागिन्याचा हात असला तरी नाही. कायदाही आड येतो आणि त्या दाताचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं.

आणि एक मायेने सांगते, रेंजवर चष्मा लावल्याशिवाय कुणी उभं राहू नका. घरी जाऊन गार पाण्याने हात, तोंड धुतल्याशिवाय मुलीला उचलून घेऊ नका. शिसं डोळ्यांना दिसत नाही.

---

खाडीवारा

हात धुण्याचं आजपासून पक्कं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई, तुमच्या 'भराभर मारणाऱ्याला कळतच नाही' या वाक्यावर दोन दिवस अडकलोय. बाबा नेहमी ट्रिगर दाबूनच मारायचे. घोडा अंगठ्याने ओढायचा हे मी क्लबात शिकलो.

काल आईला ते लाल टिंब दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, ही माझ्या नेलपॉलिशची बाटली. मी चुलत आत्याच्या लग्नाला घेतली होती, तुझ्या बाबांनी एकदा मागून घेतली, परत दिली तेव्हा कुंचला खराब झाला होता. कशाला मागितली ते तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

---

कोकणकडा

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची पद्धत होती. खाली पडलं तर आपोआप उडू नये म्हणून. तेवढ्यासाठी एका घराला खूण करून ठेवली असेल. किंवा त्यांना हे घर माहीत होतं. दोन्ही शक्य आहे.

---

ओहायोकर

दोन्ही एकत्रही शक्य आहे. एक घर रिकामं ठेवायचंच असेल तर माणूस वाईट घरच निवडेल.

खाडीवारा, आता कारागीर काय म्हणतो ते कळवा. आणि पावसाळ्यापूर्वी एक सांगून ठेवतो. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात किंवा चामडी पाकिटात साठवू नका. कमावलेल्या चामड्यातल्या रसायनाने पितळावर हिरवट चिकट थर धरतो, मुंबईच्या हवेत तर लवकर. मग ते घरात घट्ट बसतं, निघता निघत नाही.

---

खाडीवारा

सहा आठवड्यांनी येतोय.

काम झालं. ताईंनी सांगितलेलंच निघालं. टिंबाच्या घराचा दात झिजलेला, रॉड त्या एकाच घराला अडत होता. कारागिराने पंजा नवा बसवला, किंचित रुंद, आणि मग सहाही घरं एकेक करून जुळवली. आठ दिवस म्हणाला होता, बावीस लागले, पण काम असं की बाबांनी पाठ थोपटली असती. नळीच्या तोंडाला डाव्या अंगाला शिशाचा थर चढला होता, तोही काढून दिला.

परत रेंज. आधी पहिल्या घराच्या पाच गोळ्या: ६६ मिलिमीटर, मध्य बाकीच्यांपासून १२ मिलिमीटरवर. मग तिथेच बसून जो प्रश्न घेऊन आलो होतो तो सोडवला. दोन लॉट, प्रत्येकी २४ गोळ्या, दर घराला चार. एका लॉटच्या चार, मग दुसऱ्याच्या चार, असं आलटून पालटून, म्हणजे हात दमला तरी दोघांसाठी सारखाच दमेल. दुर्बीण यांनी सांगितलं तसं मध्यापासूनचं सरासरी अंतर काढलं. एका लॉटचं २७ मिलिमीटर, दुसऱ्याचं २९.

---

दुर्बीण

एवढ्या गोळ्यांत २ मिलिमीटरला काही अर्थ नाही. दोन्ही लॉट सारखेच म्हणा. आलटून पालटून मारल्याबद्दल विशेष कौतुक, हे मुलांना वर्गात सांगणार आहे.

---

पंचवीसमीटर

मोठे नेमबाज .२२ च्या काडतुसांसाठी हेच करतात. लापुआ या काडतुसांच्या कंपनीच्या जर्मनीतल्या श्योनेबेकच्या केंद्रात आपली रायफल घेऊन जातात, शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट उडवतात आणि जो जमतो त्याची वर्षभराची खरेदी करतात. तुम्ही तेच ८३ काडतुसांत आणि वाळूच्या पिशवीवर केलंत. आता लॉटचा विचार सोडा. पुढच्या शनिवारी पिशवी बाजूला ठेवून एका हाताने उभं राहून मारू. मी साडेसातला असते.

टिंब आहे का अजून?

---

खाडीवारा

आहे. कारागिराने साफ करताना विचारलं होतं, पुसू का. नको म्हटलं. एक नंबरचं घर मी अजून तिथूनच मोजतो.

साडेसातला येतो, ताई.